दाबाखालचे सेंद्रिय वाहक: एनएमआर काय दाखवते, आणि त्यावर कधी विश्वास ठेवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेंद्रिय वाहकांवर दाब दिला की इन्सुलेटरचा धातू होतो, धातूचा अतिवाहक होतो, आणि हे सगळे चार तारा जोडून रोध मोजला तरी दिसते. मग कार्बन-१३ घातलेले रेणू बनवायचे, मिलिमीटरभर स्फटिकाभोवती कॉइल गुंडाळायची, ती प्रेशर सेलमध्ये बंद करायची, ही एनएमआरची (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुस्पंदनाची) यातायात कशासाठी? आणि करायचीच ठरली तर नवख्याने आधी कशाची काळजी घ्यावी?

पहिल्या भागाचे उत्तर टीएमटीएसएफ या सेलेनियमयुक्त सेंद्रिय रेणूच्या पीएफ६ क्षारात (पीएफ६ हा त्यातला ऋण आयन) सापडते. १९७९ च्या अखेरीस पॅरिसजवळच्या ओर्से येथे जेरोम, माझो, रिबो यांनी कोपनहेगनच्या बेकगार्ड यांनी बनवलेल्या स्फटिकांवर १२ किलोबार दाब देऊन ०.९ केल्विनला रोध शून्य झालेला पाहिला. सेंद्रिय पदार्थातली ती पहिली अतिवाहकता. हाच क्षार साध्या (हवेच्या) दाबाला १२ केल्विनखाली इन्सुलेटर होतो, कारण इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका तरंगात मांडले जातात; त्याला स्पिन-घनता तरंग म्हणतात. दाब वाढवला की हे तापमान उतरत जाते, आणि ज्या दाबाला ते नाहीसे होते तिथेच अतिवाहकता सुरू होते. सीमेच्या अगदी अलीकडे मात्र चमत्कारिक प्रकार दिसतो: स्पिन-घनता तरंग अजून शिल्लक असतो, तरीही रोध शून्यावर उतरतो. आता याचा अर्थ काय लावायचा? दोन्ही अवस्था प्रत्येक रेणूवर एकजीव झाल्या आहेत, की स्फटिकाचे काही तुकडे अतिवाहक आणि काही चुंबकी आहेत?

रोधाला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. विद्युतप्रवाह सर्वांत सोपी वाट धरतो. स्फटिकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अतिवाहक पट्टा सलग असला की रोध शून्य, बाकीचा ९० टक्के स्फटिक काहीही असो. एनएमआरमध्ये कॉइलमधले प्रत्येक केंद्रक आपापल्या जागचे चुंबकीय क्षेत्र सांगते, आणि सिग्नलची तीव्रता केंद्रकांच्या संख्येच्या प्रमाणात असते. चुंबकी भागातली केंद्रके रुंद रेषा देतात, धातू भागातली अरुंद. दोन्हींचे क्षेत्रफळ मोजले की कोणती अवस्था किती टक्के आहे ते थेट कळते. २००५ मध्ये ली, ब्राउन, चैकिन आणि सहकाऱ्यांनी याच क्षाराच्या एकाच स्फटिकावर एनएमआर आणि रोध एकत्र मोजून दाखवले, आणि चित्र बाजूबाजूच्या वेगळ्या प्रदेशांचे निघाले. अवस्था मोजता येणे आणि मोजलेला आकडा स्फटिकाच्या सगळ्या आकारमानाचा असणे, यासाठी ही यातायात करायची.

दाबच का, हेही सांगायला हवे. रासायनिक बदल करूनही पट्टरुंदी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्याची रुंदी, बदलता येते: सल्फरच्या जागी सेलेनियम घाला, ऋण आयन मोठा-लहान करा. पण मिश्रण केले की अव्यवस्था येते, आणि हे पदार्थ अव्यवस्थेला फार हळवे आहेत. टीएमटीएसएफचा पर्क्लोरेट क्षार २४ केल्विनमधून सावकाश थंड केला तर त्याचे ऋण आयन नीट रांगेत बसतात आणि तो सव्वा केल्विनच्या आसपास अतिवाहक होतो. झटकन थंड केला तर तोच स्फटिक ६ केल्विनच्या आसपास स्पिन-घनता तरंगात जातो. रसायन तेच, फक्त आयनांच्या दिशा विस्कटलेल्या. दाब असली कुठलीही घाण न आणता रेणू जवळ आणतो. शिवाय हे स्फटिक मऊ आहेत. तांब्याचा आकारमान-लवचिकता गुणांक १४० गिगापास्कलच्या आसपास असतो, यांचा साधारण १०. एक गिगापास्कलला (म्हणजे १० किलोबारला) आकारमान कित्येक टक्क्यांनी घटते, आणि शेजारच्या रेणूंच्या कक्षा एकमेकींवर किती चढतात हे अंतराशी घातांकी नात्याने बांधलेले असल्याने इलेक्ट्रॉनांच्या उड्या मारण्याच्या ऊर्जेत खूपच मोठा फरक पडतो. सिरॅमिक ऑक्साइडात असा बदल घडवायला प्रचंड दाब लागतो. इथे हाताने घट्ट करायच्या सेलमध्ये सगळा फेज डायग्राम ओलांडता येतो.

एनएमआरमध्ये आपण मुळात तीन गोष्टी वाचतो. रेषेची जागा, म्हणजे नाइट शिफ्ट, ही त्या केंद्रकाजवळची स्थिर स्पिन-ग्रहणशीलता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला स्पिन किती प्रतिसाद देतात ते, सांगते. रेषेचा आकार हा स्थानिक क्षेत्राची वाटणी सांगतो. आणि स्पिन-लॅटिस शिथिलनाचा वेग, १/टी१ (पल्सने ढळलेली केंद्रके समतोलात परतण्याचा वेग), हा स्पिनांच्या हलत्या, कमी वारंवारितेच्या चढउतारांची बेरीज सांगतो. ती बेरीज सर्व तरंगसदिशांवर केलेली असते. नाइट शिफ्टला फक्त एकसमान घटक दिसतो, टी१ ला सगळे. म्हणून दोन्ही शेजारी ठेवले की कळते: शिफ्ट शांत आहे आणि १/टी१टी (तो वेग भागिले तापमान) मात्र थंडीत वाढत चाललाय, तर चढउतार प्रतिलोहचुंबकी आहेत. टीएमटीएसएफ क्षारांत दाबाखाली नेमके हेच दिसते. स्पिन-घनता तरंग दाबाने मारून टाकला, पदार्थ धातू आणि पुढे अतिवाहक झाला, तरीही सेलेनियम-७७ चा १/टी१टी थंड होताना क्युरी-वाइस वळणाने चढत राहतो. दाब आणखी वाढवला की ही चढ कमी होते आणि तिच्याबरोबर अतिवाहकतेचे तापमानही उतरते. अतिवाहकतेला जोडणारा गोंद चुंबकी चढउतारांचा असावा, या म्हणण्याला सेंद्रिय पदार्थांतला हा सर्वांत भक्कम आधार आहे असे मी मानतो, आणि तो दाबाखालच्या एनएमआरशिवाय मिळाला नसता.

इथे एक सावधगिरी. साध्या धातूत टी१, तापमान आणि शिफ्टचा वर्ग यांचा गुणाकार स्थिर असतो. याला कोरिंगा संबंध म्हणतात, आणि तो किती मोडला यावरून परस्परक्रियांचा अंदाज घेण्याची पद्धत आहे. बीईडीटी-टीटीएफसारख्या सल्फरयुक्त सेंद्रिय रेणूत हे आंधळेपणाने करू नका. इलेक्ट्रॉन पाय (π) कक्षेत असतो, त्यामुळे त्याची केंद्रकाशी असलेली हायपरफाइन जोडणी कमालीची दिशावलंबी असते. शिफ्ट ठरते क्षेत्राच्या दिशेच्या घटकाने, शिथिलन ठरते क्षेत्राला लंब असलेल्या घटकांनी. क्षेत्र अशा कोनात असेल की शिफ्ट जवळजवळ शून्य होते, तर कोरिंगा गुणोत्तर वाट्टेल तेवढे मोठे निघेल आणि त्याचा भौतिकीशी काही संबंध नसेल. हायपरफाइन टेन्सर ठाऊक असल्याशिवाय गुणोत्तराचा आकडा लिहू नये.

आता केंद्रक कोणते निवडावे. हायड्रोजन सर्वांत सोपा वाटतो: सिग्नल मोठा, समस्थानिक घालण्याचा खर्च नाही. पण हायड्रोजन रेणूच्या टोकांना असतात, तिथे वाहक इलेक्ट्रॉनाची उपस्थिती नगण्य. शिफ्ट जवळपास दिसतच नाही, आणि टी१ मध्ये एथिलीन टोकांच्या किंवा मिथिल गटांच्या हालचाली घुसतात. शिवाय दाब पोहोचवणारे तेल हायड्रोजनांनी भरलेले असते; फ्लोरिनयुक्त द्रव वापरला तर हायड्रोजनची पार्श्वभूमी जाते, पण पीएफ६ मधल्या फ्लोरिन-१९ चा सिग्नल बघायचा असेल तर तोच द्रव आड येतो. तरीही हायड्रोजनला कमी लेखू नका. पीएफ६ क्षारातल्या स्पिन-घनता तरंगाचा तरंगसदिश जालकाशी असंगत आहे आणि त्याची उंची बोर मॅग्नेटॉनच्या शेकडा आठच्या आसपास आहे, हे १९८६ मध्ये हायड्रोजनच्या रेषेच्या आकारावरूनच निघाले. इतक्या लहान स्फटिकांत, इतक्या क्षीण चुंबकत्वासाठी न्यूट्रॉनचा उपयोग नव्हता.

सेलेनियम-७७ टीएमटीएसएफ क्षारांसाठी उत्तम: स्पिन १/२, निसर्गात ७.६ टक्के, आणि सेलेनियमवर इलेक्ट्रॉन भरपूर वावरतो. बीईडीटी-टीटीएफ आणि टीएमटीटीएफ (टीएमटीएसएफचाच, पण सेलेनियमऐवजी सल्फर असलेला भाऊ) यांच्यासाठी मात्र कार्बन-१३ ला पर्याय नाही, आणि तो रेणूच्या मधल्या दुहेरी बंधावर हवा. वाहक कक्षेचा मोठा वाटा तिथेच असतो. निसर्गात कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्के, म्हणून तो संश्लेषणात घालावा लागतो. मधल्या दोन्ही कार्बनांवर घातला तर ते एकमेकांना बघतात आणि प्रत्येक रेषेची काही किलोहर्ट्झ अंतराची जोडी होते. क्षेत्र आणि बंध यांच्यातला कोन ५४.७ अंश केला की जोडी मिटते, पण एकाच वेळी सगळ्या रेणूंसाठी हा कोन मिळत नाही. एकाच बाजूला कार्बन-१३ असलेला रेणू बनवायला कठीण आहे, तरी एका एककपेटीत चार-चार रेणू असलेल्या पदार्थात तोच वापरावा असा माझा आग्रह आहे. रेषा ओळखण्यात वाचलेला वेळ संश्लेषणात गेलेल्या वेळापेक्षा जास्त भरतो.

तेलातल्या कार्बनचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत, म्हणून इथे करून दाखवतो. एक मिलिमीटर लांब, अर्धा रुंद, ०.१ जाड असा स्फटिक साधारण ०.१ मिलिग्रॅम भरतो. कॅपा (κ) मांडणीच्या बीईडीटी-टीटीएफ क्षाराचे सूत्रवस्तुमान १००० च्या जवळपास, प्रत्येक सूत्रात दोन रेणू, प्रत्येकात एक कार्बन-१३: म्हणजे सुमारे १०च्या १७व्या घाताइतकी केंद्रके. कॉइलमध्ये स्फटिकाच्या पाचपट जागा तेलाने व्यापली असेल तर त्या तेलातले नैसर्गिक १.१ टक्के कार्बन-१३ सुद्धा जवळपास तितकेच भरतात! ती रेषा रेणूच्या रेषेपासून बाजूला असते, कारण तिला नाइट शिफ्ट नसते, आणि थंडीत तिचे टी१ खूप लांब असल्याने पल्स भराभर दिल्या की ती दबून जाते. पण दाबाने किंवा थंडीने तुमची शिफ्टच शून्याकडे सरकत असेल, तर शेवटी तुम्ही स्फटिकाऐवजी तेल मोजत बसाल. उपाय साधा आहे: कॉइल स्फटिकाला चिकटून गुंडाळायची, आणि पहिल्या थंडीत स्फटिकाशिवायची रेषा एकदा नोंदवून ठेवायची.

सेल आणि दाब यांबद्दल आता सविस्तर, कारण चुका बहुतेक इथेच होतात. दोन-अडीच गिगापास्कलपर्यंतचे काम पिस्टन-सिलिंडर सेलमध्ये होते: बाहेर बेरिलियम-तांबे, आत निकेल-क्रोमियम-अॅल्युमिनियमचे अस्तर. दाब खोलीच्या तापमानाला देऊन नट आवळून कायम करतात. पण थंड होताना तेल धातूपेक्षा जास्त आकसते, आणि ०.२ ते ०.३ गिगापास्कल दाब हरवतो. प्रबंधांत आणि निबंधांतही पुष्कळदा खोलीतला आकडा छापलेला असतो. पीएफ६ क्षाराचा सीमादाब कुणी ६ किलोबार सांगतो, कुणी ९ च्या वर. हा गोंधळ बराचसा दाब कुठे आणि कशाने मोजला यातून आलेला आहे. माझे सांगणे असे की दाब थंडीतच, नमुन्याशेजारीच मोजावा. शिशाचे किंवा कथिलाचे अतिवाहक होण्याचे तापमान हा जुना आणि भरवशाचा मार्ग: कथिलाचे ३.७ केल्विनचे तापमान गिगापास्कलला अर्ध्या केल्विनच्या आसपास उतरते. एनएमआरवाल्यांना याहून सोयीचे म्हणजे क्युप्रस ऑक्साइडमधल्या तांब्याचे चतुर्ध्रुवी अनुस्पंदन; खोलीत ते २६ मेगाहर्ट्झला असते, दाबाबरोबर गिगापास्कलला काहीशे किलोहर्ट्झ वर सरकते, आणि तीच उपकरणे वापरून कुठल्याही तापमानाला मोजता येते. फक्त चुंबक शून्यावर आणावा लागतो. माणकाची चकाकी वापरायची असेल तर तिचे सरकणे गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर, पण खोलीच्या आसपास काही केल्विनचा फरकही दाबासारखाच दिसतो, हे विसरू नये.

दाबाचे माध्यम गोठते, हा दुसरा मुद्दा. डॅफ्ने ७३७३ हे तेल खोलीच्या तापमानाला २.२ गिगापास्कलला गोठते, ७४७४ हे ३.७ ला. थंडीत तर सगळीच गोठतात. गोठताना दाब सगळीकडून सारखा राहिला नाही तर थरांच्या या स्फटिकांत एका दिशेचा ताण जमतो, आणि रेषा रुंदावते. रेषेची रुंदी दाबाबरोबर वाढते आहे असे दिसले की लगेच चुंबकी क्रमाचा निष्कर्ष काढू नका. तोच दाब, तेच तापमान, पण क्षेत्र निम्मे करून मोजा: शिफ्टच्या वाटणीमुळे आलेली रुंदी क्षेत्राबरोबर निम्मी होईल, गोठलेल्या चुंबकी क्रमामुळे आलेली जवळपास तेवढीच राहील.

तिसरा मुद्दा औष्णिक आकुंचनाचा. साध्या दाबाला खोलीपासून काही केल्विनपर्यंत थंड करताना स्फटिक आपणहून इतका आकसतो की जणू त्यावर काही किलोबार दाब दिला आहे. म्हणजे तापमान बदलताना तुम्ही आकारमानही बदलत असता, आणि सिद्धांत मात्र स्थिर आकारमानासाठी लिहिलेले असतात. टीएमटीएसएफ क्षारांचा उच्च तापमानातला रोध मोजला तसा तापमानाच्या वर्गाने वाढतो. स्थिर आकारमानावर नेऊन पाहिला की जवळजवळ सरळ रेषेत. नाइट शिफ्टचेही तसेच. थंड होताना ती उतरते त्यातला काही भाग निव्वळ आकुंचनाने पट्टा रुंद झाल्याचा असतो. दाबाखालच्या मोजमापांचा एक मोठा फायदा म्हणूनच सहसा लक्षात येत नाही: बऱ्याच दाबांवर शिफ्ट मोजलेली असेल आणि संपीड्यता ठाऊक असेल तर स्थिर आकारमानाचा आलेख स्वतःच काढता येतो. विझिएटेक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये टीएमटीएसएफ-टीएमटीटीएफ कुटुंबासाठी हे काम केले. एकमितीय इलेक्ट्रॉनांच्या सिद्धांताशी एनएमआरची तुलना करायची असेल तर माझ्या मते याच पद्धतीने करावी.

पण सगळेच पदार्थ गिगापास्कलची भाषा बोलत नाहीत. बीईडीटी-टीटीएफच्या कॅपा मांडणीतला क्लोराइड क्षार घ्या. साध्या दाबाला तो मॉट इन्सुलेटर (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाने अडलेला) आहे, २७ केल्विनखाली प्रतिलोहचुंबकी. मियागावा आणि कानोदा यांच्या गटाने कार्बन-१३ वरून रेणूजोडीमागे सुमारे ०.४५ बोर मॅग्नेटॉनचा चुंबकी आघूर्ण मोजला. फक्त ०.३ किलोबार दिला की तोच स्फटिक १३ केल्विनच्या आसपास अतिवाहक होतो. मॉट संक्रमणाची पहिल्या क्रमाची रेषा २५ मेगापास्कल आणि ४० केल्विनच्या जवळ एका क्रांतिक बिंदूत संपते. आता पिस्टन-सिलिंडरमध्ये थंडीने हरवणारा दाब याच्या दहापट आहे! तिथे तेलाची सेल घेऊन जाणे म्हणजे फूटपट्टीने केसाची जाडी मोजणे. इथे हेलियम वायूच हवा: बाहेर कॉम्प्रेसर, बारीक नळीने जोडलेली सेल, आणि तापमान स्थिर ठेवून दाब हवा तसा वरखाली करण्याची मुभा. हेलियम ४.२ केल्विनला साधारण १४ मेगापास्कलला गोठतो, २५ मेगापास्कलला ६ केल्विनच्या आसपास. म्हणजे क्रांतिक बिंदूभोवती तो पूर्ण वाहता असतो.

लफेब्र आणि सहकाऱ्यांनी २००० साली याच मार्गाने हायड्रोजनच्या एनएमआरने आणि प्रत्यावर्ती ग्रहणशीलतेने त्या क्षाराचा फेज डायग्राम आखला, आणि प्रतिलोहचुंबकी भाग आणि अतिवाहक भाग यांच्यामध्ये पहिल्या क्रमाची सीमा आहे हे दाखवले. सीमेजवळ दोन्हींच्या रेषा एकदमच दिसतात. २००९ मध्ये कागावा, मियागावा, कानोदा यांनी क्रांतिक बिंदूजवळ कार्बन-१३ चे शिथिलन दाबाबरोबर मोजले. रोधावरून मॉट संक्रमणातली भारांची बाजू दिसते. स्पिनांचे चढउतार क्रांतिक बिंदूवर कसे दबतात हे शिथिलनाने दाखवले. वायूचा दाब हवा तसा फिरवता आला नसता तर हे अशक्य होते. हाच पदार्थ थोड्या वेगळ्या ऋण आयनाबरोबर, म्हणजे ब्रोमाइड, साध्या दाबालाच ११.६ केल्विनला अतिवाहक होतो. त्याच्यात ५० केल्विनच्या सुमारास १/टी१टी ला टेकाड येते आणि खाली ते घसरते. काही किलोबार दाबाने हे टेकाड सपाट होऊन साधा धातू उरतो. टेकाडाच्या कारणावर मतभेद आहेत, पण मॉट सीमेपासून दूर जाताच ते जाते, हे दाबाशिवाय इतके स्वच्छ कळले नसते. त्याच भागात ७५-८० केल्विनजवळ एथिलीन टोके गोठतात. थंड करण्याचा वेग प्रत्येक वेळी सारखा ठेवा आणि वहीत लिहा.

टीएमटीटीएफ क्षारांची गोष्ट एनएमआरचे दुसरे बळ दाखवते. आर्सेनिक हेक्साफ्लोराइड क्षारात १०० केल्विनच्या आसपास काहीतरी घडते हे १९८० च्या दशकापासून ठाऊक होते, पण क्ष-किरणांना जालकात काही बदल दिसेना. संरचना नसलेले संक्रमण असेच त्याला म्हणत. २००० मध्ये चाऊ, ब्राउन आणि सहकाऱ्यांनी कार्बन-१३ ची रेषा त्या तापमानाखाली दुभंगलेली पाहिली: वर एकसारखे असलेले रेणू खाली दोन प्रकारचे होतात, एकावर भार जास्त, एकावर कमी. भारांचा हा क्रम थोड्याशा दाबाने झपाट्याने मागे हटतो. एनएमआर हे स्पिनांचे साधन मानले जाते, पण प्रत्येक रेणूवरची स्थानिक ग्रहणशीलता वाचता येत असल्याने भारांची विषम वाटणीही त्याच्या हाती लागते.

हीच गोष्ट बीईडीटी-टीटीएफच्या अल्फा मांडणीतल्या ट्रायआयोडाइड क्षारात टोकाला जाते. साध्या दाबाला १३५ केल्विनखाली भारक्रमाने तो इन्सुलेटर होतो. दीड गिगापास्कलच्या वर तो क्रम दाबला जातो आणि शंकूच्या आकाराचे पट्टे, वस्तुमानहीन डिरॅक इलेक्ट्रॉन उरतात. रोध तिथे तापमानाबरोबर जवळपास बदलतच नाही, कारण भारवाहकांची संख्या घटते आणि गतिशीलता वाढते, दोन्ही एकमेकांना खातात. एनएमआरमध्ये मात्र एककपेटीतल्या वेगवेगळ्या जागच्या रेणूंच्या रेषा वेगळ्या दिसतात, आणि प्रत्येक जागेचा रेणू शंकूचा वेगळा उतार पाहत असतो. हिराता आणि सहकाऱ्यांनी २.३ गिगापास्कलला एकाच बाजूला कार्बन-१३ असलेल्या रेणूंवर हे मोजले. २०१६ मध्ये त्यांनी दाखवले की परस्परक्रियांनी कलता शंकू थंडीत आकार बदलतो आणि एका जागेचे स्पिन उरलेल्यांच्या उलटे वळतात. द्विमितीय डिरॅक इलेक्ट्रॉनांत शिफ्ट तापमानाबरोबर आणि १/टी१ त्याच्या घनाने उतरायला हवा. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की फार थंडीत शिथिलन त्याहून पुष्कळ वेगाने होते, म्हणजे आत काहीतरी जमून येत आहे. रोधावरून यातले काहीही वाचता येत नव्हते.

आता अतिवाहक अवस्थेतील नाइट शिफ्ट, जिथे मी सर्वांत जास्त सावध राहतो. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकेरी (स्पिन एकमेकांविरुद्ध) असतील तर स्पिन-ग्रहणशीलता आणि तिच्याबरोबर शिफ्ट घटत जाते. तिहेरी (स्पिन एकाच दिशेचे) असतील तर योग्य दिशेला ती बदलत नाही. २००२ मध्ये पीएफ६ क्षारावर दाबाखाली सेलेनियम-७७ ची शिफ्ट बदलली नाही असे छापून आले आणि तिहेरी जोड्यांची चर्चा जोरात सुरू झाली. २००७ मध्ये शिनागावा आणि सहकाऱ्यांनी साध्या दाबाला पर्क्लोरेट क्षारात कमी क्षेत्रात शिफ्ट घटलेली पाहिली, म्हणजे एकेरी जोड्या.

शिफ्ट बदलली नाही या निष्कर्षाचा एक शत्रू आहे: पल्सने होणारी उष्णता. कॉइलमधून जाणारा रेडिओ पल्स स्फटिकात भोवरेप्रवाह निर्माण करतो. टीएमटीएसएफ क्षारात अतिथंडीत साखळीच्या दिशेची रोधकता मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या आसपास असते, ७५ मेगाहर्ट्झला त्वचाखोली ५-६ मायक्रॉन. पल्सची ऊर्जा स्फटिकाच्या पातळ कातडीत जिरते. गोठलेल्या तेलातून ती बाहेर पडायला वेळ लागतो, आणि एको (पल्सनंतर परतणारा सिग्नल) येईपर्यंत स्फटिक अतिवाहक उरलेलाच नसतो. तापमापक सेलच्या बाहेर शांतपणे जुनेच तापमान दाखवत राहतो. हे काल्पनिक नाही. स्ट्रॉन्शियम रुथेनेट या ऑक्साइड अतिवाहकात १९९८ पासून अचल मानलेली शिफ्ट २०१९ मध्ये पुस्तोगोव, ब्राउन आणि सहकाऱ्यांनी कमी ऊर्जेच्या पल्सने मोजली तेव्हा ती स्पष्ट घटली, आणि मूळ गटाने पुढे ते मान्य केले. वीस वर्षांची समजूत बदलली.

म्हणून अतिवाहक अवस्थेत मोजणाऱ्याने पल्सची ऊर्जा किमान दहापटीच्या कक्षेत बदलून शिफ्ट तीच राहते का ते पाहावे. बदलत असेल तर ती ऊर्जा शून्याकडे नेऊन जी किंमत मिळेल ती खरी. शक्य असेल तर पल्सनंतर लगेच रोध किंवा कॉइलची वारंवारिता पाहावी. अतिवाहकता मोडली की दोन्ही उडी मारतात. क्षेत्र थरांना समांतर ठेवण्यासाठी सेल आतल्या आत वळवता यायला हवी, नाहीतर आवर्तांची (अतिवाहकात शिरलेल्या चुंबकीय नळ्यांची) क्षेत्रे शिफ्टमध्ये मिसळतात. ज्या पिस्टन-सिलिंडर सेलमध्ये हे सगळे करायचे ती किलोभर धातूची असते आणि मिलीकेल्विनला पोहोचायला रात्र जाते, हे खरे. पण पीएफ६ क्षाराचा प्रश्न मला अजून बंद झालेला वाटत नाही. त्याच क्षारावर, सीमेच्या थोडे वर, थंडीत मोजलेल्या दाबाखाली, एक टेस्लाच्या आत आणि अशा कमी ऊर्जेच्या पल्सने सेलेनियमची शिफ्ट पुन्हा मोजायला हवी. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या आणि धीर असलेल्या कुणाला मी पहिला प्रयोग सुचवायचा झाला तर हाच सुचवेन.